नोकरी बदलायची आहे, पण शोधायला वेळही नाही आणि अंगात त्राणही नाही. तुम्ही कसं जमवलंत?

मनवा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत अकाउंट्सला आहे. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो, मग चालत. सकाळी पावणेआठला घर सोडते, परत यायला साडेआठ होतात. आठवडा सहा दिवसांचा. मुलगा चौथीत आहे, सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचे व्यायाम करून घ्यावे लागतात. नवरा अंबरनाथला कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी.

आमच्या खात्यातले दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. जीएसटी, टीडीएस, पगारपत्रकं, वेंडर पेमेंट सगळं आता मी आणि एक नवीन मुलगा ओढतोय. पगार हातात ३८ हजार, वाढीचं नाव नाही. पुढच्या जानेवारीत इथे पाच वर्षं होतील.

बदलायचंय हे नक्की ठरलंय. पण रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडला की डोळे मिटतात. रविवारी आठवड्याची कामं साचलेली असतात. पोर्टलवर नाव घातलं तर फोन येतात ते दुपारी बारा वाजता, आणि आमच्याकडे सगळी टेबलं एकाच हॉलमध्ये. काय बोलणार?

तर विचारायचं असं, की ज्यांनी अशा अवस्थेत नोकरी बदलली त्यांनी वेळ कुठून काढला? आधी राजीनामा देऊन मग शोधावं का? मुलाखतींना सुट्ट्या कशा काढता?

चष्मिष_चिन्मय

अगदी माझीच कहाणी, फक्त स्टेशन वेगळं. वाचतोय.

निवांत_पाटील

मनवाताई, आधी झोपा. अगदी मनापासून सांगतोय. दोन दिवस रजा काढा आणि त्या दोन दिवसांत नोकरीचं कुठलंही काम करू नका. थकलेल्या डोक्याने लिहिलेला बायोडेटा थकलेलाच दिसतो, आणि मुलाखतीत समोरच्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मी बारा वर्षं कारखान्यात माणसं घेण्याच्या बाजूला बसलोय. आवाजावरून ओळखू येतं.

कोकणकन्या

पाटीलकाका, रजा काढली तर घरचे म्हणतात "आज घरी आहेस तर जरा माळा काढू". बाईची रजा ही घराची रजा नसते. तिला झोपायचं असेल तर घराबाहेर पडावं लागेल. माहेरी जा गं मनवा, शनिवार-रविवार. मुलाला घेऊन नको, एकटी जा.

हिंजवडीकर

मी आयटीतला, पण पोर्टलची गंमत सगळ्यांना सारखीच लागू आहे, म्हणून लिहितो.

माणसं शोधणारे लोक नोकरी डॉट कॉमवर यादी काढतात तेव्हा अलीकडे कोण सक्रिय होतं हे बघतात. त्यामुळे रोज रात्री तासभर बसून पन्नास ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा रोज सकाळी लोकलमध्ये प्रोफाइलमधली एखादी ओळ बदलून जतन करणं जास्त उपयोगी. दोन मिनिटांचं काम. शिवाय नोटीस पीरियडचा रकाना नीट भरा. तुमचा ३० दिवसांचा असेल तर ते सोनं आहे. आमच्याकडे ९० दिवसांची नोटीस असते आणि निम्म्या जागा तिथेच हातच्या जातात.

दोन सेटिंगं लगेच करा. नोकरी डॉट कॉमवर सध्याच्या कंपनीला आपली प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे, ती लावा. लिंक्डइनवर 'कामाच्या शोधात' हे फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवा, तो हिरवा गोल फोटोभोवती लावू नका. तरी शंभर टक्के खात्री लिंक्डइनही देत नाही. तुमच्या एचआरची मैत्रीण दुसरीकडे एचआर असतेच.

आणि दुपारच्या फोनचं. फोन घेऊन फक्त एवढं बोला: "संध्याकाळी सव्वासातनंतर बोलू शकते, व्हॉट्सॲपवर कामाची माहिती पाठवा." खरी जागा असेल तो पाठवतो.

वऱ्हाडी_ठेचा

माझं मत वेगळं आहे. राजीनामा द्या. मी दिला होता. अमरावतीला कंपनीत होतो, रोज बारा तास, बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाले गोळ्या सुरू करू. घरी बसलो, महिनाभर फक्त चाललो आणि झोपलो. मग शोधायला लागलो तर मुलाखतीत मी वेगळाच माणूस होतो. नोकरी करता करता शोधलं असतं तर मिळेल ती पकडली असती. शरीर गेलं तर कुठली नोकरी अन् कुठला पगार?

मुक्ता_ब

@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं आणि तुम्ही केलंत ते तुमच्यासाठी योग्यच होतं. पण सरसकट हा सल्ला देऊ नका. घरावर कर्ज आहे का, सासूबाईंच्या औषधाचा खर्च किती, नवऱ्याच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे का, हे न विचारता "राजीनामा द्या" म्हणणं धोक्याचं आहे. बेकार असताना पगाराची घासाघीस करता येत नाही. समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "सध्या काय करता?"

वऱ्हाडी_ठेचा

सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच. हे आधीच लिहायला हवं होतं, मान्य. पण ज्यांच्याकडे तेवढं आहे ते लोकही भीतीपोटी अडकून बसतात. त्यांच्यासाठी लिहिलं.

आकडेमोड

मनवा, मी पण अकाउंट्समधलीच, ठाण्यात. तुझ्या प्रश्नाला आपल्या धंद्याचं उत्तर देते.

तुझा महिना कसा जातो बघ. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ला २बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पत्रक) येतं की मेळ घालायला सुरुवात, १५ला पीएफ आणि ईएसआय, २०ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). म्हणजे १ ते २० मध्ये नोकरी शोधायचा विचारच सोडून दे. त्या दिवसांत काही झालं नाही म्हणून स्वतःला दोष द्यायचा नाही. तुझी खिडकी आहे २१ ते महिनाअखेर. पेमेंटं असतात, पी.टी. (व्यवसाय कर) असतो, पण त्यातून श्वास घेता येतो. सगळे फोन, मुलाखती, बायोडेटा त्या आठ-नऊ दिवसांत. समोरच्या कंपनीचा अकाउंट्स मॅनेजरही त्याच कॅलेंडरवर जगतो, त्यामुळे २३ तारखेला मुलाखत मागितलीस तर त्यालाही हायसंच वाटेल.

वर्षाचंही तसंच. ३१ जुलैला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात कुणी कुणाला सोडत नाही आणि नव्या माणसाला शिकवायलाही कुणाला फुरसत नसते. आता मे चालू आहे. म्हणजे आता ते जुलै, नाहीतर थेट ऑक्टोबरनंतर.

बायोडेटात "अकाउंट्सची सर्व कामे" असं लिहू नकोस. किती जीएसटी नोंदण्या सांभाळतेस, किती लोकांचं पगारपत्रक करतेस, २बीचा मेळ कोण घालतं, ऑडिटरच्या शंकांना उत्तरं कोण देतं, टॅलीत करता की आणखी कशात, हे लिही. दोन माणसांचं काम तू ओढतेयस ना? मग ते काम कागदावर दिसू दे.

निवांत_पाटील

@आकडेमोड, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. शेवटच्या परिच्छेदाला तर तीनदा अनुमोदन. माझ्यापुढे येणाऱ्या दहा बायोडेटांपैकी आठ एकमेकांच्या नकला असतात.

तळेगावचा_तात्या

अजून एक रस्ता. तुमच्या कंपनीत ऑडिटला जी सीए फर्मची मुलं येतात त्यांना विचारा. त्यांना दहा कंपन्यांची आतली खबर असते, कुठे जागा रिकामी आहे, कुठे मालक चांगला आहे, कुठे पगार वेळेवर होतो.

आकडेमोड

तात्या, त्यात एक धोका आहे. आपल्याच कंपनीच्या ऑडिटरला विचारलं तर ते मालकाच्या कानावर जायला वेळ लागत नाही. सोडून गेलेला आर्टिकल (सीए फर्ममधला शिकाऊ) असेल तर विचार. आणि मनवा, तुझ्या खात्यातून जे दोघं गेले ते कुठे गेले? त्यांना तुझं काम माहीत आहे, तुझी ओळख करून द्यावी लागत नाही. मी असते तर सगळ्यात आधी त्यांना फोन केला असता.

पॉपकॉर्न_प्रिया

रविवारच्या साचलेल्या कामांबद्दल कुणी काही बोललंच नाही. नवरा काय करतो रविवारी?

मनवा_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार, इतकं भरभरून लिहिताय. ट्रेनमधून टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

@प्रिया, तो शिफ्टला असतो, रात्रपाळीनंतर रविवारी दुपारपर्यंत झोपतो. त्यालाही दोष देता येत नाही. @मुक्ता, हो, घराचं कर्ज आहे. राजीनामा आधी देणं शक्य नाही, हे लिहिता लिहिता माझं मलाच स्पष्ट झालं. @आकडेमोड, २१ तारखेचं वाचून फार बरं वाटलं. मी नेमकी १० तारखेच्या आसपास ठरवायची की आज बायोडेटा करू, आणि जमायचं नाही.

कोकणकन्या

रात्रपाळी सगळ्याच आठवड्यांना नसते ना गं? ज्या आठवड्यात त्याला दिवसपाळी असेल त्या रविवारची सकाळ त्याची. आईचे व्यायाम, मुलाचा अभ्यास, भाजी. तू वाचनालयात जा नाहीतर मैत्रिणीकडे. भांडण काढून सांगू नकोस, सरळ सांग: "मला या महिन्यात दोन रविवार सकाळी नऊ ते बारा हवेत, नोकरी शोधायला." माणसाला तारीख आणि तास सांगितले की बहुतेक वेळा जमतं. "मला कधीच वेळ मिळत नाही" म्हटलं की समोरचा स्वतःचीच बाजू मांडत बसतो.

हिंजवडीकर

कोकणकन्या, हे वाक्य मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, यांना घरी जेवायला बोलवा.

गोंयकार

रच्याकने (बाय द वे), डोंबिवलीहून अंधेरीच का? शोध पदावरून करण्याऐवजी रस्त्यावरून करा. मी पणजीला येण्याआधी पाच वर्षं कळव्यात राहिलो, म्हणून सांगतोय. ठाण्यात उतरलात की वागळे इस्टेट आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बर धरली की ऐरोली, रबाळे, घणसोली, सगळीकडे कंपन्या. घाटकोपरचा मेट्रोचा जिना तर संध्याकाळी नको वाटतो. त्यातून तुमचा रोजचा किमान एक तास वाचेल. पगार तोच राहिला तरी तो एक तास म्हणजे पगारवाढच आहे.

दुसरा_वर्ग_पास

भिवंडीची गोदामंही विसरू नका. मोठमोठ्या लॉजिस्टिक कंपन्यांना ई-वे बिल आणि जीएसटी कळणारं माणूस लागतंच. माणकोली पुलामुळे डोंबिवली पश्चिमेहून जाणं सोपं झालंय. फक्त उशीर झाला तर परतायला वाहन काय, हे आधी बघा. आणि डोंबिवलीची स्वतःची एमआयडीसी आहेच.

चष्मिष_चिन्मय

भिवंडीचा रस्ता पावसाळ्यात बघून मग ठरवा.

दुसरा_वर्ग_पास

पावसाळ्यात मध्य रेल्वे कुठे चालते हो?

तळेगावचा_तात्या

झालं, आता पुढची दोनशे प्रतिसाद लोकल विरुद्ध रस्ता. 😀

परिचारिका_मिरज

मी स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलं की डोकं सुन्न असतं, त्यामुळे "अंगात त्राण नाही" म्हणजे काय हे मला माहीत आहे. माझा उपाय एवढाच होता की ज्या कामाला डोकं लागत नाही ते आधी उरकून ठेवायचं. दहावीपासूनची गुणपत्रकं, अनुभवाची पत्रं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण, आधार, पॅन, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, सगळं मोबाइलवर स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवलं. फाइलींना नीट नावं दिली. मग सांगलीहून एका रुग्णालयाचा फोन आला तेव्हा ड्यूटीवरूनच चहाच्या वेळात सगळं पाठवता आलं. कागद शोधत बसण्यात जो जीव जातो तो आधी वाचवा.

सातपूर_मेकॅनिकल

थोडं अवांतर, पण माझा प्रश्न इथेच बसतो. नाशिकला एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो, दोन वर्षांचा बाँड आहे, आधी सोडलं तर दीड लाख भरा म्हणतात. मूळ प्रमाणपत्रंही त्यांच्याकडेच आहेत. बाँड कोर्टात टिकत नाही असं मित्र म्हणतात. खरं आहे का?

काळा_कोट

मित्र अर्धवट सांगतायत. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार अवैध ठरवतं, हे खरं. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात सांगितलं की नोकरी चालू असतानाच्या काळापुरती किमान सेवेची अट घालणं म्हणजे कलम २७ चा भंग नाही. तिथे तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट होती आणि ती टिकली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च आणि प्रक्रिया मोठी, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला होता. तुमच्या कारखान्याने प्रशिक्षणावर नेमका काय खर्च केला, रक्कम वाजवी आहे का, यावर तुमचं प्रकरण ठरेल. त्यामुळे "टिकतच नाही" समजून उद्यापासून जाणं बंद करू नका.

मूळ प्रमाणपत्रं मात्र लेखी मागा, ईमेलने. आणि बाँडची प्रत घेऊन नाशिकच्या एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटाच, इथल्या प्रतिसादावर अवलंबून राहू नका.

न्यूजर्सी_नाना

इकडची एक बाजू सांगतो. एच-१बी वर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर स्टेटस बदला किंवा परत जा. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबावर ही वेळ आली, दोन मुलं शाळेत. त्यांनी केलं ते असं: नवरा-बायको दोघांनी मिळून ओळखीच्यांची यादी काढली आणि रोज तिघांना फोन. अर्ज नाही, फक्त फोन. "तुमच्याकडे जागा आहे का" असं न विचारता "तुमच्या कंपनीत हे काम कोण बघतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का" असं विचारायचे. नोकरी तिसऱ्याच माणसाकडून मिळाली, ज्याला ते आधी ओळखतही नव्हते.

मनवाला ६० दिवसांची टांगती तलवार नाही, ही मोठी गोष्ट आहे. सावकाश शोध.

मुक्ता_ब

नाना, टांगती तलवार नाही म्हणूनच ते वर्षानुवर्षं राहून जातं. इथली निम्मी माणसं "पुढच्या महिन्यात बघू" मध्ये पाच वर्षं काढतात.

सायली_सातारा

एक कळकळीची सूचना. थकलेली माणसं फसवणाऱ्यांना लगेच सापडतात. माझ्या मावसबहिणीला टेलिग्रामवर "घरबसल्या अकाउंट्सचं काम" म्हणून मेसेज आला, आधी छोटी रक्कम खरंच खात्यात जमा केली, मग "अनामत भरा" म्हणत तिच्याकडून बरेच पैसे काढून घेतले. रात्री अकराला, डोळ्यांवर झोप असताना तिने ते भरले. नोकरीसाठी कुणीही नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथेच थांबायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायचा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. सरकारी नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल फुकट आहे, राज्याचं महास्वयम पण फुकट आहे.

आकडेमोड

सायली, फार गरजेचं लिहिलंस.

मनवा, एक गोष्ट कुणी बोललं नाही. जानेवारीत पाच वर्षं होतायत म्हणालीस. ग्रॅच्युइटी! पाच वर्षं भरली की सोडताना कंपनीने द्यायचे पैसे. बेसिक किती आहे?

मनवा_डोंबिवली

बेसिक २२ हजार. खरं सांगू का, हाच विचार मनात घोळतोय. आमचे एक वरिष्ठ म्हणाले, पाच वर्षं होईपर्यंत हलू नकोस, हातचे पैसे जातील.

आकडेमोड

हिशेब करू. शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. २२,००० × १५ ÷ २६ म्हणजे एका वर्षाचे साधारण १२,६९२. पाच वर्षांचे ६३,४६१.

आता दुसरी बाजू. नव्या ठिकाणी हातात आठ हजार जास्त मिळाले असं धर. आत्तापासून जानेवारीपर्यंत आठ महिने. ८ × ८,००० = ६४,०००. म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी थांबून तू नेमकं तेवढंच घालवशील, शिवाय आठ महिने तब्येतीचे हाल. सात-आठ हजारांपेक्षा जास्त वाढ मिळाली तर थांबणं तोट्याचं. तीन-चार हजारच मिळाली तर थांबणं फायद्याचं. वरिष्ठांचं वाक्य ऐकून नाही, हा आकडा बघून ठरव.

काळा_कोट

यात भर. कायद्यात पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट आहे, पण पाचव्या वर्षात २४० दिवस काम भरलं तर ते वर्ष पूर्ण धरावं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. आठवडा सहा दिवसांपेक्षा कमी असेल तर १९० दिवस. मनवाताईंचा आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे २४०. ती तारीख साधारण ऑक्टोबरच्या सुमाराला येईल. मात्र सगळ्या कंपन्या हे मुकाट्याने मान्य करत नाहीत, भांडावं लागू शकतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षाची सवलत आहे ती ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारांना. कायम नोकरीवाल्यांना पाचच. व्हॉट्सॲपवर "आता सगळ्यांना एक वर्षात ग्रॅच्युइटी" फिरतंय, ते चुकीचं आहे.

हिंजवडीकर

आणि पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो. काढला तर सेवेची वर्षं तुटतात, पाच वर्षांच्या आत काढलेल्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षं मोजायची असतात ती पण.

वऱ्हाडी_ठेचा

मुलाखतीच्या सुट्टीचा प्रश्न राहिलाच की. मी सरळ आजी आजारी आहे सांगायचो.

निवांत_पाटील

नका करू असं. खोटं आठवणीत ठेवायला पण ताकद लागते, आणि इथे ताकदीचाच तुटवडा आहे. "वैयक्तिक काम आहे, अर्धा दिवस हवा" एवढंच म्हणा. कारण विचारलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणा. रजा तुमच्या हक्काची आहे. शिवाय पहिली फेरी हल्ली व्हिडिओवर होते. मुलाखत घेणाऱ्याला सकाळी साडेआठची किंवा संध्याकाळी सातची वेळ मागा. मी स्वतः असे बरेच उमेदवार सकाळी ऑफिसात लवकर येऊन बोलावलेत. नोकरीत असलेला माणूस वेळ सांभाळून येतोय हे आम्हाला आवडतं.

कोकणकन्या

पाटीलकाका, तुमच्यासारखे सगळे असते तर धागाच निघाला नसता.

पॉपकॉर्न_प्रिया

धागा वर काढतेय. मनवा, महिना होत आला. काय झालं?

मनवा_डोंबिवली

आले आले. कळवायचंच होतं.

माहेरी गेले दोन दिवस, एकटी. झोपले. आईने काहीही विचारलं नाही. नवऱ्याला कोकणकन्याच्या शब्दांत तारीख आणि तास सांगितले. तो लगेच हो म्हणाला. इतकी वर्षं मी तसं स्पष्ट मागितलंच नव्हतं, आणि त्याला बिचाऱ्याला वाटायचं की मला त्याच्या हातचं काम आवडत नाही. सासूबाई म्हणाल्या, तो व्यायाम जास्त चांगले करून घेतो!

सोडून गेलेल्या दोघांपैकी एकीला फोन केला. ती आता वागळे इस्टेटमध्ये आहे, इंजिनीअरिंग मालाची कंपनी. तिच्या साहेबांनी २२ तारखेला फोनवर बोलणं केलं, २६ला बोलावलं. आकडेमोडताईंनी सांगितल्याप्रमाणे बायोडेटात कामं आकड्यांसकट लिहिली होती, अर्धा तास ते २बी च्या मेळावरच बोलत होते. पाच दिवसांचा आठवडा नाही, पण दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. घरी सातला पोचेन.

आता एचआर म्हणतायत की अपेक्षित पगार सांगा आणि १ जुलैला रुजू व्हा. माझी नोटीस ३० दिवसांची. इथल्या साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. किती मागू? आणि १ तारीख मान्य करू का?

आकडेमोड

अभिनंदन आधी! पण ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नाही, तोंडी शब्दावर तर मुळीच नाही.

आकडा महिन्याच्या हातातल्या पगाराचा सांग, वार्षिक सीटीसीचा (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा) नको. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीपण घालतात आणि मग हातात अपेक्षेपेक्षा कमी पडतं. तू ५० हजार माग. ४६च्या खाली उतरू नकोस, कारण त्याखाली जानेवारीपर्यंत थांबणं बरं, हिशेब वर केलाच आहे. बेसिक किती ठेवणार तेही विचार, पुढची ग्रॅच्युइटी आणि पीएफ त्यावरच.

निवांत_पाटील

ऑफर लेटर आलं की त्याच दिवशी राजीनामा ईमेलने द्या, म्हणजे नोटीस कधी सुरू झाली यावर वाद राहत नाही. १ जुलै मान्य करू नका. ३० दिवस धरले तर ती तारीख गाठायला नोटीस विकत घ्यावी (उरलेल्या दिवसांचे पैसे भरावे) लागेल, आणि जूनचं ३बी अर्धवट टाकून निघालात तर अनुभवपत्रासाठी खेपा माराव्या लागतील. २२ ते २५ जुलैच्या दरम्यानची तारीख मागा आणि कारण खरं तेच सांगा: २० तारखेचं रिटर्न भरून, काम हस्तांतरित करून येते. अकाउंट्सचा साहेब याला नाही म्हणणार नाही.

काळा_कोट

आणि सोडताना बाकी पगाराचं लक्षात ठेवा. वेतन संहिता २०१९ प्रमाणे राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी" हे वाक्य ऐकवलं तर हे नम्रपणे सांगा. जानेवारीपासूनचा मिळालेला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायला विसरू नका... तुम्ही अकाउंट्सच्या, एप्रिलपासूनचा म्हणायचंय मला.

मनवा_डोंबिवली

हो, एप्रिलपासूनचा, समजलं. :) ५० सांगून बघते, आणि २३ जुलै मागते. मेल आज रात्री लिहिते, पाठवायच्या आधी @आकडेमोड तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

आकडेमोड

कर. दहानंतर जागी आहे, आज ११ला जीएसटीआर-१ झालं की मोकळीच.